कागदाची सळसळही सहन न होणाऱ्या पुलित्झरने ऑर्केस्ट्राला ५ लाख डॉलर दिले, पण एका अटीवर

२९ ऑक्टोबर १९११. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या चार्ल्सटन बंदरात एक आलिशान बोट नांगर टाकून उभी होती. बोटीचं नाव लिबर्टी. आतल्या केबिनमध्ये बोटीचा मालक पडून होता आणि त्याचा जर्मन सचिव त्याला फ्रान्सचा राजा अकरावा लुई याच्यावरचं पुस्तक वाचून दाखवत होता. मालकाने त्याला आवाज हळू करायला सांगितलं. मग आणखी हळू. थोड्या वेळाने मालकाचं हृदय थांबलं.

तो माणूस म्हणजे जोसेफ पुलित्झर. वय ६४. २० वर्षांहून जास्त काळ त्याला धड दिसत नव्हतं आणि आवाज तर मुळीच सहन होत नव्हता.

पुलित्झर म्हटलं की आपल्याला आठवतो तो पुरस्कार. दरवर्षी जाहीर होणारा, पत्रकारितेतला सगळ्यात मानाचा. पण त्याचं मृत्युपत्र उघडलं गेलं तेव्हा त्यात आणखीही एक मोठी रक्कम होती. न्यूयॉर्कच्या एका ऑर्केस्ट्रासाठी ५ लाख डॉलर.

ज्याला कागदाची सळसळ सहन होत नव्हती, त्याने ८०-१०० वाद्यं एकाच वेळी वाजवणाऱ्या मंडळींसाठी एवढे पैसे का ठेवले? आणि देताना त्याने जी अट घातली, ती आज इतक्या वर्षांनीही का महत्त्वाची वाटते? हे समजून घ्यायचं तर गोष्ट सुरुवातीपासून बघावी लागेल.

सगळ्या सैन्यांनी नाकारलेला पोरगा

जोसेफचा जन्म १० एप्रिल १८४७ चा, हंगेरीतल्या माको गावातला. घर ज्यू, वडिलांचा धान्याचा व्यापार, परिस्थिती बरी. पण जोसेफ ११ वर्षांचा असताना वडील गेले आणि घराचा व्यवसाय बसला. भावंडांपैकीही बरीचशी लहानपणीच दगावली.

१७ व्या वर्षी पोराने ठरवलं की सैन्यात जायचं. पण उंच, किडकिडीत अंगकाठी आणि अधू नजर बघून एकही सैन्य त्याला घेईना. शेवटी जर्मनीतल्या हॅम्बुर्गमध्ये त्याला अमेरिकेसाठी सैनिक गोळा करणारे दलाल भेटले. तिकडे यादवी युद्ध चालू होतं आणि माणसं कमी पडत होती. त्यांनी डोळ्यांकडे फारसं बघितलं नाही. १८६४ मध्ये जोसेफ अमेरिकेत उतरला आणि घोडदळात भरती झाला. इंग्रजी जेमतेम यायचं. पण त्या पलटणीत जर्मन बोलणारे बरेच होते, म्हणून निभावलं.

पुढच्या वर्षी युद्ध संपलं आणि हा रस्त्यावर आला. कामाच्या शोधात तो सेंट लुईस शहराकडे निघाला. मिसिसिपी नदी ओलांडायला होडीचं भाडं नव्हतं, म्हणून त्याने होडीच्या भट्टीत कोळसा टाकून पलीकडचा काठ गाठला. तिथे खेचरं सांभाळली, हॉटेलात वेटरचं काम केलं, मिळेल ते केलं.

या सगळ्यात त्याचा एक अड्डा ठरलेला होता. शहरातली मर्कंटाइल लायब्ररी. ही काही सरकारी किंवा एखाद्या शेठजीची लायब्ररी नव्हती. सभासदांच्या वर्गणीवर चालणारी संस्था होती. इथेच बसून तो इंग्रजी शिकला, कायदा वाचला. तिथल्या बुद्धिबळाच्या खोलीत त्याची ओळख एका जर्मन वर्तमानपत्राच्या संपादकांशी झाली आणि १८६८ मध्ये त्याला बातमीदाराची नोकरी मिळाली.

वर्गणीवर चालणारी ही लायब्ररी लक्षात ठेवा. पुढे ऑर्केस्ट्राच्या अटीपाशी ती आठवेल.

२,५०० डॉलरचा लिलाव

बातमीदार म्हणून पुलित्झर भलताच चिवट निघाला. वर्षभरात तो राज्याच्या विधिमंडळात निवडून गेला. तापट इतका की एका कंत्राटदाराशी वाद झाल्यावर त्याने थेट गोळी झाडली होती. जखम पायाला झाली, प्रकरण दंडावर मिटलं.

१८७८ हे त्याच्या आयुष्यातलं कलाटणीचं वर्ष. केट डेव्हिसशी त्याचं लग्न झालं, आणि त्याच वर्षाच्या शेवटी सेंट लुईस डिस्पॅच नावाचं दिवाळखोर वर्तमानपत्र त्याने लिलावात २,५०० डॉलरला घेतलं. पोस्ट नावाच्या दुसऱ्या पत्राशी ते जोडून त्याने पोस्ट-डिस्पॅच सुरू केलं. करबुडवे श्रीमंत, भ्रष्ट कंपन्या, जुगाराचे अड्डे यांच्यामागे तो हात धुऊन लागला. खप वाढत गेला.

पाच वर्षांनी तो न्यूयॉर्कला आला आणि जे गूल्ड या रेल्वेसम्राटाकडून ‘वर्ल्ड’ हे तोट्यातलं पत्र ३ लाख ४६ हजार डॉलरला विकत घेतलं. तेव्हा वर्ल्डचा खप होता साधारण १५ हजार. किंमत होती दोन सेंट.

न्यूयॉर्कमध्ये तेव्हा बोटी भरभरून स्थलांतरित येत होते. जर्मन, आयरिश, इटालियन, पूर्व युरोपातले ज्यू. पुलित्झरने यांच्यासाठी पेपर काढला. सोपी भाषा, मोठे मथळे, चित्रं, गरिबांच्या चाळींतल्या हालांच्या बातम्या. याच वर्ल्डसाठी नेली ब्लाय ही तरुण पत्रकार वेडी असल्याचं सोंग घेऊन मनोरुग्णालयात राहिली आणि तिथले हाल जगासमोर आणले. काही वर्षांत वर्ल्डचा खप लाखांत गेला.

चबुतरा कोणी बांधला?

आता त्या घटनेकडे येऊ, जिने पुलित्झरला पैसे उभे करण्याचं खरं गणित दाखवलं.

फ्रान्सने अमेरिकेला स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा भेट दिला होता. पुतळा तयार होता, पण तो उभा करायला चबुतरा नव्हता. चबुतऱ्याचा खर्च अमेरिकेने करायचा ठरलं होतं आणि समितीकडे सुमारे १ लाख डॉलर कमी पडत होते. न्यूयॉर्कमधले कोट्यधीश हात आखडून बसले होते.

मार्च १८८५ मध्ये पुलित्झरने वर्ल्डमधून थेट वाचकांना हाक दिली. एक डॉलर द्या, अर्धा द्या, पाच सेंट द्या, पण द्या. आणि जो देईल त्याचं नाव पेपरात छापून येईल, मग रक्कम कितीही लहान असो.

आज याला आपण क्राउडफंडिंग म्हणतो. आपल्याकडच्या गणेशोत्सवात वर्गणीदारांच्या नावांचा फलक मंडपाबाहेर लागतो, तसाच हा प्रकार. फक्त फलक होता लाखो घरांत जाणाऱ्या वर्तमानपत्राचा.

शाळकरी पोरांनी खाऊचे पैसे पाठवले. मोलमजुरी करणाऱ्यांनी आठवड्याच्या कमाईतून काढून दिले. पाच महिन्यांत १ लाख डॉलरहून जास्त रक्कम जमली. देणारे होते १ लाख २० हजारांहून जास्त, आणि त्यातल्या बहुतेकांनी एक डॉलरपेक्षाही कमी दिलं होतं.

२८ ऑक्टोबर १८८६ ला पुतळ्याचं अनावरण झालं. पुलित्झर गेला तो त्यानंतर बरोबर २५ वर्षं आणि एका दिवसाने, लिबर्टी नावाच्याच बोटीवर.

काळी बाजू

इथवर वाचून पुलित्झर म्हणजे गरिबांचा कैवारी, असं चित्र उभं राहील. ते पूर्ण खरं नाही.

१८९५ नंतर न्यूयॉर्कमध्ये विल्यम रँडॉल्फ हर्स्ट नावाचा नवा स्पर्धक आला. त्याने वर्ल्डची माणसं जास्त पगार देऊन फोडली. दोघांत खपाची अशी चुरस लागली की बातम्यांतलं तारतम्य सुटलं. भडक मथळे, अर्धवट खऱ्या कहाण्या, युद्धज्वर. १८९८ मध्ये अमेरिका आणि स्पेनचं युद्ध पेटलं तेव्हा दोन्ही पेपरांनी आगीत तेल ओतलं. यलो जर्नलिझम म्हणजे पीत पत्रकारिता, हा शब्द याच भांडणातून जन्माला आला.

पुढच्याच वर्षी पेपर विकणाऱ्या पोरांनी संप केला. युद्धाच्या काळात या पोरांना मिळणाऱ्या १०० प्रतींचा भाव ५० सेंटवरून ६० सेंट केला होता. युद्ध संपलं, खप उतरला, तरी पुलित्झर आणि हर्स्टने भाव कमी केला नाही. जुलै १८९९ मध्ये दहा-बारा वर्षांच्या पोरांनी दोन आठवडे दोन्ही पेपरांची विक्री अडवली. शेवटी भाव तोच राहिला, पण न विकलेल्या प्रती परत घ्यायचं मालकांनी मान्य केलं.

म्हणजे ज्या माणसाने पाच-पाच सेंट गोळा करून पुतळ्याचा चबुतरा बांधला, त्यानेच १० सेंटसाठी पोरांना रस्त्यावर उतरवलं. मृत्युपत्रात त्याने जे दान केलं, ते वाचताना हेही डोळ्यांसमोर असलेलं बरं.

दिसेनासं झालं, आणि ऐकणंही नकोसं झालं

१८८७ च्या शेवटी पुलित्झरची नजर झपाट्याने गेली. डॉक्टरांनी अंधाऱ्या खोलीत पडून राहायला सांगितलं. १८९० मध्ये, वयाच्या ४३ व्या वर्षी, त्याने संपादकपदाचं रोजचं काम सोडलं. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये वर्ल्डची नवी इमारत उभी राहिली. सोनेरी घुमटाची, ३०९ फूट उंचीची, तेव्हा शहरातली सगळ्यात उंच. पण बांधणाऱ्याला ती धड बघताही आली नाही.

नजरेपाठोपाठ मज्जातंतूंनी दगा दिला. बारीकसा आवाजही त्याला टोचायचा. मेन राज्यातल्या त्याच्या बंगल्यात त्याने जाड दगडी भिंतींचा एक भाग बांधून घेतला. नोकरचाकर त्याला शांततेचा मनोरा म्हणायचे. न्यूयॉर्कच्या घरातही आवाज आत येणार नाही अशी वेगळी झोपायची खोली होती. तरी झोप लागेना, म्हणून तो बोटीवर राहू लागला.

पेपर मात्र त्याने सोडला नाही. समुद्रावरून तारा सुटायच्या, त्याही सांकेतिक भाषेत. संकेतांचं जाडजूड पुस्तक होतं आणि त्यात त्याचं स्वतःचं नाव होतं अँडीज. सोबत सचिवांचा ताफा असे. कोणी पेपर वाचून दाखवायचं, कोणी कादंबरी, कोणी बुद्धिबळ आणि राजकारणावर गप्पा मारायचं. आणि एक जण पियानो वाजवायचा.

कारण एवढ्या सगळ्यात त्याला सहन होणारा, नव्हे हवाहवासा वाटणारा आवाज एकच होता. संगीत. बीथोवन, वाग्नर आणि लिस्ट हे त्याचे आवडते संगीतकार. चित्रं दिसत नव्हती, पुस्तकं दुसऱ्याच्या तोंडून ऐकावी लागत होती. संगीताला मध्यस्थ लागत नव्हता. तिथे तो इतर कोणाही श्रोत्याच्या बरोबरीचा होता.

ऑर्केस्ट्रा तोट्यात का जातो?

आपल्याकडे ऑर्केस्ट्रा म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते गणपतीतलं किंवा जत्रेतलं स्टेज आणि त्यावर जुनी हिंदी-मराठी गाणी. इथे बोलतोय तो सिम्फनी ऑर्केस्ट्रा. व्हायोलिन, चेलो, बासरी, तुताऱ्या, ढोल असे ८०-१०० वादक आणि समोर हातवारे करणारा एक संचालक.

न्यूयॉर्क फिलहार्मोनिक हा अमेरिकेतला सगळ्यात जुना सिम्फनी ऑर्केस्ट्रा. स्थापना १८४२ ची. पहिल्या कार्यक्रमाची सुरुवातच बीथोवनच्या पाचव्या सिम्फनीने झाली होती. विशेष म्हणजे ही वादकांची सहकारी संस्था होती. वादकच सभासद, वादकच मतदार, आणि मोसमाच्या शेवटी जे उरेल ते आपापसांत वाटून घ्यायचं.

ऐकायला छान, पण उरायचंच थोडं. वादक पोटापाण्यासाठी नाटकांत, नाचगाण्यांत वाजवायचे आणि तालमींना दांड्या पडायच्या.

इथे मूळ अडचण समजून घेऊ. कापडाच्या गिरणीत नवं यंत्र आणलं की कमी माणसांत जास्त कापड निघतं. ऑर्केस्ट्रात तसं होत नाही. बीथोवनची सिम्फनी २०० वर्षांपूर्वी जेवढे वादक आणि जेवढा वेळ घ्यायची, जवळपास तेवढाच आजही घेते. अर्धे वादक कमी करून किंवा दुप्पट वेगाने वाजवून खर्च वाचवता येत नाही. पण बाकीच्या जगात पगार वाढतात, तसे वादकांचेही वाढवावेच लागतात. खर्च चढत जातो, तिकिटाच्या पैशात तो भागत नाही. तिकीट महाग केलं तर सामान्य माणूस येत नाही. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या दोन अर्थतज्ज्ञांनी १९६६ मध्ये हे गणित सविस्तर मांडलं, पण वादक ते आधीपासून जगत होते.

मग ही खोट भरायची कोणी? बॉस्टनमध्ये हेन्री ली हिगिन्सन नावाच्या बँकरने १८८१ मध्ये ऑर्केस्ट्रा सुरू केला आणि १९१८ पर्यंत दरवर्षीचा तोटा स्वतःच्या खिशातून भरला. पण यात एक धोका आहे. तो एक माणूस थकला, रुसला किंवा गेला तर? सगळा डोलारा एका खांबावर.

न्यूयॉर्कमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बाहेरच्या धनिकांचा निधी घेण्याचा एक प्रस्ताव आला होता. वादकांनी तो फेटाळला. पैसे येतील, पण कारभार हातातून जाईल, ही त्यांची भीती. शेवटी १९०९ मध्ये नाइलाज झाला. मेरी शेल्डन यांच्या पुढाकाराने काही श्रीमंतांनी तोटा भरून द्यायची हमी घेतली, वादकांना पक्का पगार मिळू लागला, मोसम मोठा झाला आणि गुस्ताव माहलर या मोठ्या संगीतकाराला संचालक म्हणून आणलं गेलं. वादकांना स्थैर्य मिळालं, पण आपली संस्था आपण चालवायची हा हक्क गेला. ती भीती खोटी नव्हती.

पण हमी म्हणजे दरवर्षी कोणीतरी चेक फाडणं. मे १९११ मध्ये माहलरही वारला. पुढे काय, हा प्रश्न होताच.

५ लाख डॉलर आणि १,००० माणसं

ऑक्टोबरमध्ये पुलित्झर गेला आणि त्याचं मृत्युपत्र समोर आलं. फिलहार्मोनिकला ५ लाख डॉलर. तेवढेच मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालयाला. पत्रकारितेच्या शिक्षणासाठी कोलंबिया विद्यापीठाला २० लाख डॉलर त्याने आधीच ठरवून ठेवले होते.

ऑर्केस्ट्रासाठी त्याने काही इच्छा लिहून ठेवल्या होत्या. न्यूयॉर्कमधले कार्यक्रम वाढावेत. वाढीव कार्यक्रमांची तिकिटं स्वस्त असावीत. कार्यक्रम फार जड, केवळ जाणकारांपुरते नसावेत. आणि हो, बीथोवन, वाग्नर, लिस्ट यांची आठवण ठेवावी.

या झाल्या इच्छा. अट वेगळी होती. पैसे हवे असतील तर फिलहार्मोनिकने सभासदांची संस्था व्हायचं, आणि वर्गणी भरणारे किमान १,००० सभासद जमवायचे.

ही अट का महत्त्वाची, ते समजायला आपल्याकडचंच उदाहरण घेऊ. शाळेत बक्षीस समारंभात तुम्ही ऐकलं असेल, अमुक यांच्या स्मरणार्थ ठेवलेल्या ठेवीच्या व्याजातून हे पारितोषिक. कोणीतरी आजोबांच्या नावाने शाळेला रक्कम दिलेली असते. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजातून दरवर्षी बक्षीस द्यायचं. कायम ठेव. इंग्रजीत यालाच एंडोमेंट म्हणतात. मृत्युपत्रातून अशी ठेव दिली की देणारा गेल्यावरही दान चालू राहतं.

समजा ५ लाखांवर वर्षाला ५ टक्के परतावा मिळाला, तर झाले २५ हजार. दरवर्षी येणारी हक्काची रक्कम, पण एवढ्यावर अख्खा ऑर्केस्ट्रा चालत नाही. शिवाय ठेवीचा एक तोटाही असतो. पैसे आपोआप येत राहिले की संस्था लोकांकडे बघायचं विसरते. रिकाम्या खुर्च्यांसमोर वाजवलं तरी चेक येतोच.

१,००० सभासदांच्या अटीने नेमकं तेच टाळलं. वर्गणी भरणारा माणूस कार्यक्रमाला येतो. पुढच्या वर्षी काय वाजणार ते विचारतो. शेजाऱ्याला ओढून आणतो. तिकीट महाग झालं तर कुरकुरतो. आणि आपण जाताना आपल्या परीने काहीतरी मागे ठेवायचा विचारही असाच माणूस करतो.

पुतळ्याच्या वेळी पैसे १ लाख २० हजार लोकांचे होते आणि पुलित्झरने फक्त हाक दिली होती. या वेळी पैसे त्याचे होते, पण लोकांशिवाय ते मिळणार नव्हते.

फिलहार्मोनिकने रचना बदलली, सभासद जमवले आणि देणगी मिळवली. माहलरनंतर आलेले संचालक योसेफ स्ट्रान्स्की यांच्या काळात वाग्नर आणि लिस्ट कार्यक्रमांत ठळकपणे दिसत राहिले. पुढे १९२१ आणि १९२८ मध्ये शहरातले दुसरे ऑर्केस्ट्रा याच संस्थेत विलीन झाले. फिलहार्मोनिक टिकला. त्यात पुढच्या अनेक देणगीदारांचा वाटा आहे, हे खरंच. पण एका माणसाच्या खिशावर तो अवलंबून राहिला नाही.

जे विकू नका म्हणाला, तेच विकलं गेलं

आता याच मृत्युपत्राची दुसरी बाजू.

पुलित्झरचा जीव होता वर्ल्डमध्ये. सेंट लुईसचा पेपर एक वेळ विकला तरी चालेल, पण वर्ल्ड विकायचा नाही, असं त्याने विश्वस्तांना बजावून ठेवलं होतं. मुलांत वाटणीही त्याने स्वतःच्या अंदाजाने केली. पेपरांच्या शेअरमधला सगळ्यात मोठा, १० पैकी ६ वाटे, धाकट्या हर्बर्टला दिला. तो तेव्हा शाळकरी होता. थोरल्या राल्फला दोन. आणि मधल्या जोसेफला फक्त एक, कारण त्याच्याकडून बापाला फारशी आशा नव्हती.

झालं उलटं. सेंट लुईसचा पेपर मधल्या जोसेफने पुढे अनेक दशकं उत्तम चालवला. न्यूयॉर्कचा वर्ल्ड मात्र तोट्यात गेला. मुलांनी कोर्टात अर्ज केला की बापाची अट मोडायची परवानगी द्या, नाहीतर सगळंच बुडेल. कोर्टाने परवानगी दिली आणि फेब्रुवारी १९३१ मध्ये वर्ल्ड ५० लाख डॉलरला विकला गेला. कर्मचाऱ्यांनी स्वतः पेपर घ्यायचा शेवटचा प्रयत्न केला, तो फसला. सुमारे २,८०० जणांची नोकरी गेली, तीही ऐन महामंदीत.

म्हणजे एकाच माणसाचं एकच मृत्युपत्र. पण वर्ल्डची अट २० वर्षांत मोडली आणि ऑर्केस्ट्रा उभा राहिला. असं का?

वर्ल्डसाठी त्याने फक्त बंदी घातली होती. विकू नका. ते सांभाळायची जबाबदारी तीन मुलांवर होती आणि त्यांना ती इच्छा असो वा नसो, गळ्यात पडली होती. ऑर्केस्ट्राला मात्र त्याने माणसं जोडायला लावली, स्वतःहून वर्गणी भरून आलेली.

पत्रकारितेच्या पुरस्कारांबाबतही त्याने असंच शहाणपण दाखवलं. काळ बदलला तर पुरस्कारांचे विषय बदलायचे किंवा थांबवायचे अधिकार त्याने सल्लागार मंडळाला देऊन ठेवले. पहिले पुरस्कार १९१७ मध्ये दिले गेले. संगीतासाठी त्याने मुळात विद्यार्थ्याला परदेशी शिकायला पाठवणारी शिष्यवृत्ती ठेवली होती. त्याच अधिकाराचा वापर करून मंडळाने १९४३ मध्ये संगीताचा पुलित्झर पुरस्कार सुरू केला. आज ऑनलाइन पत्रकारितेलाही पुलित्झर मिळतो, तो याच मोकळिकीमुळे.

मुंबईचा धागा

या गोष्टीला मुंबईचाही एक धागा आहे. मेहली मेहता या व्हायोलिनवादकाने १९३५ मध्ये मुंबईत बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता. पुढच्याच वर्षी त्यांच्या घरी मुलगा झाला, झुबिन. ऑर्केस्ट्राच्या तालमी ऐकत वाढलेला हा मुंबईचा मुलगा १९७८ मध्ये न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचा संगीत संचालक झाला आणि १९९१ पर्यंत, सलग १३ वर्षं, त्या पदावर राहिला.

१९११ मध्ये ज्या संस्थेचं पुढे काय होणार हे कोणाला माहीत नव्हतं, तिच्या समोर ६७ वर्षांनी मुंबईत जन्मलेला माणूस उभा होता. पुलित्झरला हे दिसायचं काही कारण नव्हतं. कायम ठेव अशीच असते. देणाऱ्याला नाव-गाव माहीत नसलेल्या माणसांसाठी ती ठेवलेली असते.

वर्ल्डची ती सोनेरी घुमटाची इमारत १९५५ मध्ये पाडली गेली. ब्रुकलिन पुलावर गाड्या चढायला रस्ता रुंद हवा होता. न्यूयॉर्क फिलहार्मोनिक मात्र आजही मॅनहॅटनमध्ये वाजतोय, आणि अजूनही दरवर्षी सभासद आणि देणगीदार शोधतोय.